राजे नव्हे, राजवाड्यातले

खोलीतून बाहेर पडताना ते कधी वळत नसत. बोलणं संपलं की दोन्ही हात पोटाशी जुळवून किंचित वाकायचे आणि तोंड आपल्याकडेच ठेवून एकेक पाऊल मागे सरकत दारापर्यंत जायचे. दाराशी आले की उजव्या टाचेने उंबरा चाचपायचे. कॅनडात दारांना आपल्यासारखे उंबरे नसतात. त्यामुळे टाच जे शोधायची ते तिला सापडायचं नाही आणि ते रोज थोडे अडखळायचे.

हे एखाद्या दरबारात चाललं असतं तर शोभलं असतं. चालायचं ते टोरांटोजवळच्या वॉनमधल्या एका वेअरहाउसमध्ये. मी आणि ते तिथे रिटर्न्स सेक्शनला होतो. लोकांनी ऑनलाइन मागवलेल्या आणि नको म्हणून परत धाडलेल्या वस्तू उघडायच्या, तपासायच्या, पुन्हा खोक्यात घालायच्या. सण झाल्यावर परत आलेलं ख्रिसमस ट्री, एकदाच घातलेला लग्नातला कोट, एका पायातला बूट. दिवसभर दुसऱ्यांच्या नकोशा वस्तू हाताळून माणूस कसा शिणतो, हे ज्यांनी असलं काम केलंय त्यांना सांगायला नको. मी नागपूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. हे मी आता कुणाला सांगत नाही, सांगण्यानेसुद्धा थकायला होतं.

तर त्या वेअरहाउसमध्ये उलटं चालणं म्हणजे संकटाला आवतण. एकदा ते सुपरवायझरच्या केबिनमधून असेच मागे मागे निघाले आणि थेट फोर्कलिफ्टच्या वाटेवर गेले. फोर्कलिफ्टवाल्याने ब्रेक मारला, वरची टीव्हीची खोकी हलली, सगळीकडे आरडाओरडा झाला. सुपरवायझर पंजाबी होता, मनाने भला. धावत येऊन म्हणाला, "अंकलजी, पीछे आँखें हैं क्या आपकी? सेफ्टी का तो सोचो!" त्यांना एक कागद मिळाला, वॉर्निंगचा. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि पुन्हा मागे मागेच निघाले.

त्या दिवसापासून ते मागे सरकायला लागले की आम्ही सगळे तोंडाने बीप बीप करायचो, ट्रक रिव्हर्स घेताना वाजतो तसं. फिलिपीनो बायका, सोमाली पोरगे, मी, सगळेच. त्यांना राग येत नसे. उलट बीप बीप झालं की ते जरा थांबायचे आणि दरवाजापर्यंत वाट मोकळी आहे ना, हे आमच्याकडे बघूनच विचारायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी फजिती केली होती. शिफ्ट संपली होती, मी स्टोअररूमच्या दाराशी उभी होते. ते म्हणाले, "ताई, तेवढी बत्ती वाढवा." मी आज्ञाधारकपणे बाजूची तिन्ही बटणं दाबली. सगळी खोली लखलखली. ते घाबरून म्हणाले, "अहो, असं बघा, वाढवा म्हणजे... वाढवा. घालवा!" मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या आजीच्या तोंडी बांगडी फुटत नसे, वाढत असे, तसाच त्यांचा दिवाही विझत नव्हता, वाढत होता. कितीतरी वर्षांनी कुणी माझ्याशी अशा मराठीत बोललं होतं. बटणं बंद करताना मला उगाच गहिवरून आलं.

मी स्कारबरोला राहत होते, तेही तिथेच, एका श्रीलंकन कुटुंबाच्या बेसमेंटमध्ये. बायको पाचसहा वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा कॅलगरीला. सत्तरीला टेकलेला माणूस हिवाळ्यात तीन बस बदलून कामावर येतो हे कळल्यावर मी त्यांना माझ्या गाडीतून न्यायला लागले. सात हिवाळे आम्ही चारशेएक हायवेवर एकमेकांशेजारी बसून काढले. ते पेट्रोलचे पैसे देऊ करायचे, मी घेत नसे. मग ते दर शुक्रवारी घरी केलेली शेंगदाण्याची चटणी आणायचे. ती मात्र मी मागून घ्यायची.

त्याच गाडीत मला राजवाडा कळला. त्यांचं गाव म्हणजे दक्षिणेकडे घाटाखालचं एक टिचभर संस्थान. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल. नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना आवडायचं नाही. आमच्या वेअरहाउसमध्ये बातमी अशी पसरली होती की अंकल म्हणजे कुठलेतरी राजे आहेत. माझी लेक एकदा गाडीत मागे बसली होती, तिने सरळ विचारलं, "अंकल, are you like, royalty?" ते हसले. त्यांचं ते ठरलेलं वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"राजे नव्हे बाळ. राजवाड्यातले."

लेकीला फरक कळला नाही. खरं सांगायचं तर मलाही तो कळायला वेळ लागला.

त्यांची आई वाड्यावर दिवे लावायची. समया, हंड्या, कंदील, शंभरावर दिवे होते म्हणे एकेकाळी. वाड्याची एक रीत होती. दिवे लावणारी बाई कुणीही असो, तिला चंपाच म्हणायचं. एक चंपा म्हातारी झाली की दुसरी यायची, ती चंपा. त्यांची आई तिसरी किंवा चौथी चंपा होती. देवडीला लागून दोन खोल्या होत्या, तिथे हे जन्मले, वाढले. वीज आली, दिवे कमी झाले. संस्थान गेलं, तनखे गेले, माणसं गेली. राजे गेले, त्यांची मुलं मुंबईला आणि तिथून आणखी कुठेकुठे गेली. उरल्या राणीसाहेब आणि चंपा. देवडीवरचा एक दिवा तेवढा राहिला. तो तिन्हीसांजेला लागायचा म्हणजे लागायचा.

"आणि हे मागे चालणं?" मी विचारलं होतं. "राणीसाहेबांसमोर असंच जायचे का सगळे?"

"हो की. पाठ दाखवायची नाही, नियम होता." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पण मला लहानपणी ते मुळीच आवडायचं नाही. मी पळत सुटायचो. आई कान पिरगळायची."

मग इथे येऊन कसं आवडायला लागलं, हे विचारायचं माझ्या मनात आलं होतं. पण समोर बर्फात दोन गाड्या एकमेकींवर घसरल्या आणि ते राहून गेलं.

एका उन्हाळ्यात इथल्या मराठी मंडळाची सहल निघाली. ओकव्हिलच्या बाजूला तलावाकाठी एका जुन्या धनिकाने बांधलेला किल्लेवजा बंगला आहे, तो बघायला. मी त्यांना आग्रहाने नेलं. आमची पुण्या-मुंबईची सॉफ्टवेअरवाली मंडळी सेल्फी काढत होती, मुलं वॉशरूम शोधत होती. हे मात्र प्रत्येक खोलीत शिरून भिंतीतल्या खोबण्या, दिव्यांच्या जागा बघत होते. आणि प्रत्येक खोलीतून मागे मागे निघत होते. गाइड बाईला वाटलं ते फोटोसाठी मागे सरकताहेत. ती तीनदा कौतुकाने बाजूला झाली.

शेवटी गाइडने सांगितलं की मालकाचं दिवाळं निघालं, मग बंगला बरीच वर्षं व्हेकंट होता. काही प्रश्न आहेत का? यांनी हात वर केला. आयुष्यात कधी न उंचावलेला आवाज काढून विचारलं, "मॅडम, हू स्टेड लास्ट?"

"शेवटी मालक आणि मालकीणबाईच," अशा अर्थाचं ती काहीतरी म्हणाली.

"नो नो. आफ्टर दॅट. कुलूप कोणी लावलं?"

कुलपाला इंग्रजी शब्द त्यांना सुचला नाही. गाइड हसली, आमची मंडळी हसली, कुणीतरी जेवणाची वेळ झाल्याची आठवण करून दिली. बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, "ताई, असं बघा. एवढी मोठी वास्तू रिकामी राहते का कधी? कुणीतरी केर काढतं, कुणीतरी खिडक्या लावतं. त्याला कुणी राहणं म्हणतच नाही."

आणि मग खिशातून फोन काढून त्यांनी मला एक पान दाखवलं. त्यांच्या राजवाड्याचं आता हेरिटेज हॉटेल झालं होतं. अर्धा भाग पाहुण्यांना राहायला, अर्धा तिकीट काढून बघायला. इंग्रजीत वाड्याचा इतिहास होता, राजांचे फोटो होते, शिकारीचे वाघ होते. शेवटी एक ओळ होती. राणीसाहेबांच्या निधनानंतर राजवाडा अकरा वर्षे रिकामा होता.

"रिकामा नव्हता," ते म्हणाले. "आई होती."

राणीसाहेब वारल्यावर वारसांनी आईला सांगितलं होतं, किल्ल्या तुझ्याकडे असू देत, बघू पुढे. ते पुढे अकरा वर्षं आलं नाही. त्या अवाढव्य वाड्यात त्या बाई एकट्या राहिल्या. केर काढला, पावसाळ्यात गळक्या जागी घमेली ठेवली, रोज देवडीवर दिवा लावला. यांनी आईला परोपरीने बोलावलं होतं, आधी पुण्याला, मग इथे. ती एकच म्हणायची, "मग दिवा कोण लावील?"

त्या ओळीबद्दल आम्ही हॉटेलला तीन ईमेल लिहिले. ते सांगायचे, मी लंच ब्रेकमध्ये टाइप करायची. पहिल्या ईमेलला उत्तर आलं की आपल्या बहुमोल अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. दुसऱ्यालाही तेच आलं, शब्दाला शब्द. तिसऱ्याच्या उत्तरात सोबत वीकेंड पॅकेजची माहिती होती. ते पत्र त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. मी हॉटेलला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एवढं काय अडलंय त्या एका ओळीपायी, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं. माझी आईसुद्धा एकटीच गेली नागपूरला, आणि मी दोन दिवसांनी पोचले. त्याचं काय करायचं ते मला माहीत नाही, म्हणून मी ते बाजूला ठेवून दिलंय. आपल्यातल्या बहुतेकांनी ठेवलेलंच असतं. त्यांना ते ठेवता येत नव्हतं. का, ते मला त्या वर्षीच्या पहिल्या मोठ्या बर्फाच्या दिवशी कळलं.

सकाळीच बर्फ सुरू झालं होतं. चारशेएकवर गाड्या मुंगीच्या पावलानं चालल्या होत्या. मी वैतागून बीप बीपची आठवण काढली. म्हटलं, "काका, आज सगळा हायवेच तुमच्यासारखा मागे चाललाय." ते हसले नाहीत.

"ताई, तुम्ही मागे एकदा विचारलं होतंत ना. मी निघालो तो दिवस सांगतो. टॅक्सी देवडीसमोर उभी होती. आई उंबऱ्यावर आली. दिवसाच दिवा घेऊन आली हातात, मला ओवाळायला. मी वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, जातो म्हणू नको, येतो म्हण. मी म्हटलं, येतो. आणि ड्रायव्हरने हॉर्न दिला. टपावरची बॅग सुटली होती. मी वळलो आणि पळालो. तिच्या हातात दिवा तसाच."

वायपर काचेवरून इकडून तिकडे जात होते.

"राजांसमोर जन्मभर पाठ सांभाळली. आईसमोर फिरवली. तो दिवस शेवटचा, हे काय माहीत होतं? माझे कागद इथे अडकले होते. दुसऱ्या वर्षी ती गेली. कळलं कसं, सांगू? देवडीवर दिवा लागला नाही. गावातल्या कुणीतरी बघितलं, की आज दिवा नाही."

मी गाडी उगाचच नीट चालवत राहिले. मला तेव्हा समजलं की आम्ही ज्याला सात वर्षं बीप बीप करत होतो ती राजेशाही रीत नव्हती. त्या दिवसानंतर त्यांनी कुणालाच पाठ दाखवली नव्हती. सुपरवायझरला नाही, मला नाही, बँकेतल्या पोरीलासुद्धा नाही. आणि आता कुणीतरी तिकिटं फाडून लोकांना सांगत होतं की तिथे कुणी नव्हतंच.

त्याच हिवाळ्यात मला भारतात जायचं होतं. आईचा फ्लॅट विकायचा होता. सह्या, रांगा, आज या उद्या या, यात माझा जीव मेटाकुटीला आला होता. नवरा म्हणत होता, उरलेले चार दिवस घरात पडून राहू. पण मी काकांना शब्द दिला होता. "नुसतं बघून या," ते म्हणाले होते. "जमलं तर सांगा त्यांना. नाही जमलं तर राहू द्या." आम्ही रात्रभर रेल्वेने आणि मग अर्धा दिवस टॅक्सीने गेलो. मी त्या प्रवासात तीनदा मनाशी म्हटलं की कुणी सांगितला होता हा उपद्व्याप.

राजवाडा रंगवलेला होता, आइस्क्रीमसारखा. तिकीट काढलं. बुटांवर कापडी पिशव्या चढवल्या. गाइड म्हणून एक तरुण मुलगी मिळाली. गावातलीच होती, चटपटीत. दरबार हॉल, झुंबर, राजांचा पाळणा, वाघ, सगळं तिने एका दमात सांगितलं. आम्ही दहाबारा माणसं होतो. शेवटी ती आम्हाला देवडीत घेऊन आली, आवाज बारीक केला आणि म्हणाली, "आता एक सांगते, ते बोर्डवर नाहीये. राणीसाहेब गेल्यावर वाडा अकरा वर्षं रिकामा होता. कुत्रंसुद्धा नव्हतं आत. पण रोज तिन्हीसांजेला इथे, या कोनाड्यात, दिवा लागलेला दिसायचा. माझ्या आजीने स्वतः पाहिलाय. लोक म्हणतात, राणीसाहेबांचा आत्मा."

लोकांच्या अंगावर काटा आला. एका बाईंनी मुलाला जवळ ओढलं. सगळे कोनाड्याचे फोटो काढायला लागले. कोनाडा काळा होता. "बघा ना," मुलगी म्हणाली, "तीनदा रंग दिला. तेलाचा डाग वर येतोच."

मला हसावं की रडावं कळेना. मी शिणलेली होते, पाय सुजले होते, बुटांवरच्या पिशव्या निसटत होत्या. आणि अकरा वर्षं एकटीने केर काढलेल्या बाईचं या लोकांनी भूत करून टाकलं होतं. मी शिक्षिकेच्या आवाजात म्हणाले, "रिकामा नव्हता. तो दिवा एक बाई लावायच्या. इथे, या दोन खोल्यांत राहायच्या. माझ्याबरोबर त्यांचा मुलगा काम करतो."

सगळ्यांचे फोन खाली आले. मुलगी गोरीमोरी झाली. बाकीची मंडळी बाहेर गेल्यावर ती माझ्याजवळ आली. "मॅडम, खरंच सांगताय?"

"खरंच."

"सगळ्यांना तीच गोष्ट आवडते हो. टिप त्याच्यावरच मिळते." मग म्हणाली, "पण मी तरी आजीला विचारायला हवं होतं, की दिव्यात तेल कोण घालायचं. भूत तेल कुठून आणणार?" तिने कानामागचं पेन काढलं, तिकिटाच्या मागच्या बाजूला टेकवलं. "काय नाव त्यांचं?"

सात वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी बसले होते. त्यांच्या आईच्या हातची घमेली मला माहीत होती, तिचं बोलणं पाठ होतं. नाव मी कधी विचारलं नव्हतं. ते आई म्हणायचे, वाडा चंपा म्हणायचा.

मी फोन लावला. टोरांटोत सकाळचे सहा वाजत होते, ते बसस्टॉपवर असणार. मी नसले की त्यांच्या पुन्हा तीन बस. फोन उचलला तेव्हा पाठीमागे वारं ऐकू येत होतं.

"काका, मी वाड्यावर आहे. देवडीत. आईंचं नाव काय सांगू? चंपा सांगू?"



"चंपा नको," ते म्हणाले. "चंपा वाड्याची. तिचं नाव द्वारका."

मी फोन मुलीकडे दिला. तिने स्वतः ऐकून लिहून घेतलं, द्वारकाबाई. फोनवर तिने त्यांना आजोबा म्हटलं. ते काय म्हणाले ते मला कळलं नाही. ती फक्त हो, हो, म्हणत होती आणि कोनाड्याकडे बघत होती.

मी परतल्यावर काकांना कोनाड्याचा फोटो दिला. भुताचं सांगितलं नाही. त्यांनीही नाव लागलं का, ओळ बदलली का, काहीच विचारलं नाही. वेबसाइटवरची ओळ तशीच होती. आजही आहे, बघा हवं तर. आम्ही पुन्हा परत आलेल्या वस्तू उघडत राहिलो. ते पूर्वीसारखेच मागे मागे निघत राहिले. मी बीप बीप करणं सोडलं होतं, तर त्यांनीच एकदा विचारलं, "ताई, हॉर्न बिघडला का तुमचा?" म्हणून मग पुन्हा सुरू केलं.

मार्च संपत आला असताना त्या मुलीचा मेसेज आला. एक रेकॉर्डिंग होतं, खाली लिहिलं होतं, आजोबांना ऐकवा. मी कामावर ते ऐकलं नाही. संध्याकाळी त्यांच्या बेसमेंटसमोर गाडी लावली तेव्हा अजून उजेड होता. कडेचं बर्फ वितळून चिखल झाला होता. मी म्हटलं, "काका, पाच मिनिटं थांबा." आणि फोन दोघांच्या मध्ये धरला.

आधी पावलांचे आवाज आले, कापडी पिशव्या फरशीवर घासल्याचे. मग तिचा तोच चटपटीत आवाज. "ही देवडी. राणीसाहेब गेल्यावर सगळे म्हणतात वाडा रिकामा होता. नव्हता. द्वारकाबाई इथे अकरा वर्षं राहत होत्या. एकट्या. वाड्याच्या शेवटच्या राहणाऱ्या त्याच. रोज तिन्हीसांजेला या कोनाड्यात दिवा लावायच्या. हा डाग त्याच तेलाचा."

एका पुरुषाचा आवाज आला, थोडा हिरमुसलेला. "आम्ही तर ऐकलं होतं इथे भूत आहे."

"नाही," मुलगी म्हणाली. "बाई होत्या."

रेकॉर्डिंग संपलं. मला भीती वाटत होती की ते भुताचं ऐकून दुखावतील. त्यांचा चेहरा हलला, आणि मग ते हसायला लागले. मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "भूत म्हणत होते होय? अहो, ती कसली भित्री! परसात जायचं तरी मला सोबत न्यायची."

त्यांनी बाहीने डोळे पुसले. मी विचारलं, "पुन्हा लावू?"

"नको. तिनं सांगितलं ना चारचौघांत. बास."

पुढच्या जानेवारीत ते गेले. दोन दिवस कामावर आले नाहीत, तिसऱ्या दिवशी सुपरवायझरने नोटीस बोर्डावर कागद लावला आणि स्वतः वॉशरूममध्ये जाऊन रडला. कॅलगरीहून मुलगा आला होता. माझ्याशी नीट बोलला, थकलेला होता बिचारा. म्हणाला, "Dad didn't really talk much about back home." मी त्याला चटणीची रिकामी बरणी परत दिली. आणि आजीचं नाव विचारलं. त्याला आठवेना, म्हणून मी सांगितलं.

पण मला आठवतात ते मार्चमधल्या त्या संध्याकाळचे. त्यांनी पट्टा सोडला, डबा उचलला, दार उघडलं. खाली उतरून गाडीकडे तोंड करून नेहमीसारखे वाकले. "येतो, ताई," म्हणाले. मी सवयीने बीप करायला ओठ दुमडले.

ते वळले. चिखलातून नीट पाय टाकत, पाठ माझ्याकडे करून, बेसमेंटच्या दारापर्यंत सरळ चालत गेले. सात वर्षांत मी त्यांची पाठ पहिल्यांदा बघत होते. जॅकेट खांद्यावर विटलं होतं, डावा खांदा जरा उतरलेला होता. दाराशी पोचून त्यांनी आतला दिवा लावला. ओठ दुमडलेलेच होते माझे, पण बीप करण्यासारखं काही उरलं नव्हतं.